कुणाला घ्यायला आलात?

नगरचा माणूस रेल्वेकडे दोनच कारणांनी बघतो. एकतर तिच्यातून कुणीतरी उतरणार असतं, नाहीतर फाटक पडलेलं असतं. तिसरं कारण आमच्या बापजाद्यांना ठाऊक नव्हतं. उतरणारं कुणी नसताना, डोंगर चढून, घाम गाळून, गाडी नुसती वरून बघायची, ही कल्पना आमच्या घरात माझ्या लग्नानंतर आली. नेमकं सांगायचं तर साडूंबरोबर आली.

यात नगरकरांना दोष देण्यात अर्थ नाही. आमचा जिल्हा मुळात एसटीचा. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला धावली ती पुणे-नगर मार्गावर. त्यामुळे एसटीशी आम्ही हक्कानं भांडतो, तिच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून अबोला धरतो. रेल्वे खरं तर तिच्याही सत्तर वर्षं आधी आली, १८७८ ला, दौंड ते मनमाड. पण आली तेव्हापासून तिचा सगळा आविर्भाव पुढे निघून जाण्याचाच राहिला. कर्नाटक एक्स्प्रेस बंगळूरहून दिल्लीला चाललेली असते. गोवा एक्स्प्रेस वास्कोहून निजामुद्दीनला. झेलम पुण्याहून थेट जम्मूला. आमच्या माणसाला जायचं असतं राहुरीला. एवढ्या मोठ्या गाडीला एवढ्याशा कामासाठी थांबवणं त्यालाच प्रशस्त वाटत नाही, आणि तीही बहुधा थांबत नाही. पुण्याला जावं म्हटलं, तर रस्ता सरळ नाकासमोर आणि रूळ आधी दौंडला. त्यात पूर्वी दौंडला इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावायचे, तोवर प्रवासी फलाटावर उतरून चहा पिऊन, शेजाऱ्याची सोयरीक जुळवून परत येत. आता कॉर्ड लाइन झाली आहे, काही गाड्या दौंडला बगल देऊन जातात, त्यामुळे तेवढ्या सोयरिकी मागे पडल्या असणार.

शिवाय आमच्याकडची स्टेशनंही साधी नाहीत. बेलापूर नावाचं स्टेशन श्रीरामपुरात आहे आणि बेलापूर गाव तिथून काही मैल दूर आपल्या जागी शांत बसलेलं आहे. बेलापूरला उतरलेला पाहुणा आधी नवी मुंबईचं बेलापूर नव्हे हे समजून घेतो, मग बेलापूरही नव्हे हे समजून घेतो, आणि तोवर त्याला न्यायला आलेला भाचा घरी गेलेला असतो. अशा रेल्वेकडे कौतुकानं बघायचं म्हणजे माणूस बाहेरचाच हवा.

साडू कल्याणचे. कल्याण हे असं गाव, की जिथून रेल्वे दोन बाजूंनी सह्याद्री चढायला निघते. एक फाटा कसाऱ्यावरून थळ घाटात, दुसरा कर्जतवरून बोर घाटात. अशा ठिकाणी वाढलेला मुलगा बिघडणारच. एका खासगी कंपनीत ते हिशेब लिहितात, पण खरी वही वेगळी. तिच्यात रकाने आहेत: गाडी, इंजिन क्रमांक, वेळ, ठिकाण, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘छान’, ‘फारच छान’, ‘धुक्यामुळे फक्त आवाज’ अशा नोंदी. माझी मेव्हणी, म्हणजे बायकोची थोरली बहीण, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो, तिला लग्नानंतर ते माथेरानला घेऊन गेले. तिला वाटलं, हवा खायला. नेरळला पोचल्यावर कळलं की समोरची छोटी गाडी सोडून द्यायची आहे, कारण ती वळणावरून जाताना तिचा फोटो घ्यायचाय. दोन फुटी रुळांवर १९०७ पासून चाललेली ती गाडी, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं कशी बांधून काढली हे ताईंनी पहिल्या दिवशी ऐकलं. हवा दुसऱ्या दिवशी खाल्ली.

हे साडू आले की जेवणाच्या ताटावर बोर घाट सुरू होतो. चढ सदतीसास एक. म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. ऐकायला काही वाटत नाही, पण रेल्वेला तो आमच्या कळसूबाईच्या शिड्यांइतका जड, म्हणून कर्जतला गाडीच्या मागं बँकर इंजिनं लावतात आणि ती ढुशी देत देत गाडी लोणावळ्याला नेऊन सोडतात. बँकर लागेपर्यंत प्रवासी बटाटावडे खातात. घाट सुरू झाला १८६३ ला, थळ घाट त्यानंतर दोन वर्षांनी. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढं चालवलं.

“म्हणजे घाट बाईनं बांधून घेतला,” आमची बायको भाकरी थापता थापता म्हणाली, “आणि बघायला दाजी जातात.”

साडू यावर हसले, पण थांबले नाहीत. खंडाळ्याजवळची नागफणी, तिलाच साहेब ड्यूकचं नाक म्हणायचा, तिथून खाली घाटातली गाडी कशी दिसते. एका बोगद्यात शिरते, दुसऱ्यातून निघते. पुढचं इंजिन उजेडात असतं तेव्हा मागचं अजून अंधारात असतं. सांगताना त्यांचा हात आमटीच्या वाटीला वळसा घालून ताटाच्या कडेनं वर चढला आणि लोणच्यापाशी बाहेर आला.

नगरचा माणूस असं किती वेळ ऐकून घेणार? मी शेवटी आमचा विल्सन काढला. भंडारदऱ्याचं धरण विल्सन डॅम, १९२६ चं, मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावाचं. त्यावर साडूंचा चेहरा असा उजळला की मी घाबरलो. कारण घाटासाठी विलायतेहून जी पहिली विजेची इंजिनं आली, त्यातल्या एकालाही याच साहेबाचं नाव दिलेलं होतं. सर लेस्ली विल्सन नावाचं ते इंजिन आता दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. पुढं-मागं लांब नाकाडं, मधे खोली, चाकांना जोडणारे दांडे, आणि चालताना असा काही कुरकुराट की चालकमंडळींनी त्याला नाव ठेवलं ‘खेकडा’. गव्हर्नरसाहेबांचं नाव पितळी पाटीवर आणि तोंडी खेकडा. आमच्या अकोले तालुक्याकडं पावसाळ्यात खरे खेकडे पकडून त्यांचा रस्सा करतात. तेव्हा विल्सनसाहेबांचा हिशेब दोन्हीकडं चुकता झाला असं मला वाटलं. पण वाद मात्र मी हरलो होतो. धरणानं एकदा जाऊन बसल्यावर हलायचं नाही, इंजिन हलतं. साडूंच्या जगात जे हलतं ते श्रेष्ठ.

मग निघाला प्रश्न, की नगर जिल्ह्यात डोंगरावरून गाडी दिसेल अशी जागा कोणती? साडूंनी पहिली बोली कळसूबाईची लावली. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, आणि अर्धं तरी आमचं. पलीकडं इगतपुरीची बाजू, म्हणजे थळ घाटाचं डोकं. बायकोनं एका वाक्यात बोली मोडली. “देवीसाठी चढते मी एवढं. गाडीसाठी नाही.” शिवाय तिथून गाडी दिसायची म्हणजे डोळ्यांपेक्षा श्रद्धाच जास्त लागणार.

तेव्हा ठरली आमच्या उशाची जागा. नगरचं पठार वांबोरीच्या अंगाला एकदम संपतं. वर डोंगरगण, गोरक्षनाथ गड, मांजरसुंबा गड. खाली राहुरीचा सपाट मुलूख. रेल्वेलाही नगरहून विळद सोडलं की हाच उतार उतरून वांबोरी गाठावी लागते. बोर घाटापुढं हा घाट म्हणजे किरकोळच. बँकर नाही, बटाटावडा नाही, कुणा बाईनं कंत्राट घेतल्याची हकीकत नाही. पण गडावरून खाली बघितलं तर रूळ दिसायला हरकत नाही, असं साडूंनी मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी ताणून सिद्ध केलं.

श्रावणातला रविवार. डोंगरगणच्या रामेश्वराला गर्दी, रस्त्यावर कणसं भाजायची धूर सोडणारी शेगडी, आणि गोरक्षनाथाच्या दर्शनाला आलेल्या जीपगाड्या. आम्ही चौघं. दर्शन घेतलं, कारण बायकोच्या मते आल्यासारखं ते तरी पदरात पडावं. मग मांजरसुंब्याच्या वाटेला लागलो. गड निजामशाहीच्या वेळचा. वर वाड्याचे अवशेष, पाण्याची टाकी, हौद. निजामशहाच्या माणसांनी इथून खाली कुणाची फौज येते ते बघितलं असेल. साडूंनी फौजेच्या जागी झेलम धरली. कड्याजवळ एक सपाट दगड हेरून त्यांनी पिशवीतून दुर्बीण, वही, दोन पेनं (एक पावसात चालणारं) आणि बसायला पोतं काढलं. ताईंनी थर्मास आणि चिवडा काढला. हे त्यांच्या संसारातलं श्रमविभाजन फार जुनं दिसलं.

खाली हिरव्या-पिवळ्या तुकड्यांची जमीन, मधे ऊस, मधे चमकणारं तळं. रूळ मात्र दिसेनात. मग साडूंनी बोट करून दाखवले, तेव्हा दिसले. आणि दिसल्यावर लक्षात आलं की ते इतके लांब आहेत की त्यावरून गाडी गेली तरी ती काडेपेटीतल्या काडीएवढीच असणार. मी तसं बोललोही. साडू म्हणाले, “लांबून सबंध गाडी एकदम दिसते. फलाटावरून कधी दिसते का?” हे खरं होतं. फलाटावरून आपल्याला फक्त आपला डबा दिसतो, तोही पुढं निघून गेलेला.

गाडी येईना. मोबाइलला गडावर रेंज नाही, त्यामुळे कुठली गाडी कुठं आहे हे कळायला मार्ग नाही. साडू म्हणाले, कुठंतरी क्रॉसिंग पडलं असेल. क्रॉसिंग हा नगर रेल्वेचा स्थायीभाव. वर्षानुवर्षं एकेरी रूळ, समोरून गाडी आली की ही बाजूला उभी. आता दुसरा रूळ टाकत आणला आहे, वर विजेच्या ताराही आल्या, पण क्रॉसिंगची आमच्या अंगात मुरलेली सवय जायला दोन पिढ्या लागतील. आजही नगरचे दोन लोक बोळात समोरासमोर आले की दोघंही थांबतात.

आमच्या शेजारी एक कुटुंब बसलं होतं. टोपीवाले आजोबा, मुलगा-सून, नातवंडं, डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या. आजोबा बराच वेळ दुर्बिणीकडं बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं,

“कुणाला घ्यायला आलात का?”

“नाही, नाही. गाडी बघायला आलोय.”

“कोण बसलंय तिच्यात?”

“आमचं कुणी नाही.”

“मग घालवायला आलात?”

“तसंही नाही आजोबा. नुसती बघायची.”

आजोबांनी आमच्या चौघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. कुठं काही बिघडलंय का, आणि बिघडलं असल्यास ते किती जणांत, याचा अंदाज घेतला. “बरं, बरं. चालू द्या,” ते म्हणाले. उपोषणाला बसलेल्या माणसाजवळून जाताना लोक ज्या सुरात बोलतात त्या सुरात.

त्यांचं चुकत नव्हतं. गाडीशी आपलं नातं म्हणजे तिच्यातल्या माणसाशी असलेलं नातं. सासरी निघालेली लेक, पुण्याला शिकायला चाललेला पोरगा, लांब रजेवर आलेला फौजी. ते नसले तर गाडी म्हणजे नुसता पत्रा आणि धूळ. आमच्याकडं लोकांनी बिनकामाची गाडी बघितली ती एकदाच, जी आजवर नव्हती ती आली तेव्हा. नगर-बीड-परळी रेल्वेला मंजुरी १९९५ ची. नगरहून आष्टीपर्यंत गाडी धावली सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीडला पोचायला सप्टेंबर २०२५ उजाडलं. मधल्या काळात मंजुरीच्या वेळी जन्मलेली पोरं बापाच्या भूमिकेत गेली. अशी गाडी आल्यावर ती रिकामी आली तरी माणूस बघायला जाणारच. ते बघणं हिशेब पूर्ण झाल्याचं बघणं. साडूंचं बघणं निराळं. त्यांना गाडीकडून काहीच यायचं नव्हतं.

एवढ्यात खाली काहीतरी हललं.

“आली!” साडू पोत्यावरून उठले. “मालगाडी. विळदकडून उतरतेय.”

आधी काही दिसलं नाही. मग झाडीच्या मागून एक बारीक, तपकिरी रेघ बाहेर सरकायला लागली. सरकत राहिली. इतका वेळ सरकत राहिली की बायकोनं चिवड्याचा हात तोंडापाशी तसाच धरला. आवाज नाही, धूर नाही. पाठ वाकवून एक लांबलचक जनावर उतार उतरतंय आणि घाईत मुळीच नाही. पुढची बाजू वळणाला गेली तरी मागची अजून झाडीतून निघायची होती. अशा वेळी माणसाच्या हातून एकच गोष्ट घडते. मी घडू द्यायची नाही असं ठरवलं होतं.

“एक, दोन, तीन,” बायकोनंच सुरुवात केली. “द्या ती दुर्बीण दाजी.”

दुर्बीण एक आणि मोजणारे चार. साडूंनी नियम केला: ज्याच्या हाती दुर्बीण त्यानं मोठ्यानं मोजायचं, बाकीच्यांनी मनात. वीस डबे झाल्यावर ताईंनी दुर्बीण घेतली आणि एकविसाव्याऐवजी पुन्हा एकोणिसापासून सुरू केलं. बायको म्हणाली, तुझं लहानपणापासून असंच. यात दोन डबे कुणीच न मोजता निघून गेले. मी नुसत्या डोळ्यांनी मोजत होतो, पण चाळिसाच्या पुढं एक म्हैस माझ्या आणि रुळाच्या मधे येऊन उभी राहिली. शेवटी पांढरट गार्डाचा डबा दिसला आणि सगळे एकदम बोलले.

बायको: सत्तावन्न. ताई: एकसष्ट, पण त्यात इंजिनं धरून. मी: निदान पन्नास. साडू वहीत आधीच लिहून मोकळे झाले होते: अठ्ठावन्न वाघिणी अधिक गार्डाचा डबा. “अशा रेकला अठ्ठावन्नच असतात,” ते म्हणाले. बायकोनं विचारलं, मग मोजायला कशाला लावलंत? यावर त्यांच्याकडं उत्तर नव्हतं.

“एकोणसाठ,” शेजारून आवाज आला. आजोबा. टोपी मागं सरकवून, उभं राहून, एक हात कपाळावर. नातवंडं त्यांच्या धोतराला धरून. “गार्डाचा धरून सांगतोय मी.”

“बरोबर!” साडू म्हणाले. त्यांना त्यांचा माणूस सापडला होता. पुढचा अर्धा तास ते आजोबांना इंजिनांचे प्रकार सांगत होते आणि आजोबा त्यांना सांगत होते, की वांबोरीला मळणीच्या दिवसांत गाडीच्या शिट्टीवर न्याहारी सोडायचे. तेव्हा कोळशाचं इंजिन असायचं, आता शिट्टी कमी झाली आणि न्याहारीची वेळ मोबाइलवर गेली. सुनेनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आजोबा उठले, पाच पावलं गेले, आणि परत वळून विचारलं,

“पुढची कवा?”

साडूंनी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं ते मी नंतर चोरून वाचलं. ‘फारच छान. म्हैस मधे आल्याची तक्रार (साडू).’

आता एक गोष्ट सांगायची राहिली. रेल्वेवर एवढी माया असलेला हा माणूस कल्याणहून नगरला येतो कसा? एसटीनं. मुरबाडवरून माळशेज घाट चढून, आळेफाट्यावरून. कारण कल्याण-नगर असा रूळच नाही. रेल्वेनं यायचं तर मनमाडला वळसा, नाहीतर दौंडला. माळशेजातून रेल्वे न्यावी ही मागणी आमच्या आजोबांच्या वेळची, प्रत्येक निवडणुकीत ती ताजी होते, सर्वेक्षणंही होतात, आणि लोक तिच्याबद्दल इतकं बोलले आहेत की कधीकधी वाटतं आपण एकदा तिच्यातून गेलोय.

साडू परत निघाले तेव्हा मलाही कल्याणला काम होतं, म्हणून आम्ही बरोबरच निघालो. माळशेजात पाऊस, धुकं, धबधबे, आणि पुढं कुठंतरी रस्त्यावर दगड आलेले. एसटी थांबली. निम्मे लोक खाली उतरले, काही भिजायला, काही कणसं घ्यायला. साडू कठड्याला जाऊन टेकले. मला वाटलं, धबधबा बघतायत. जवळ गेलो तर त्यांचा हात समोरच्या कड्यावरून हवेत फिरत होता.

“हे बघा. इथून बोगदा. बाहेर पडली की त्या ओढ्यावर उंच पूल. मग तिथं वळण घेऊन पुन्हा आत. चढ सदतीसास एक धरला तर बँकर लागणारच, मुरबाडच्या पुढं कुठंतरी लावावे लागतील. आणि बघायचं कुठून, तर बरोबर इथून. इथं उभं राहिलं की इंजिन त्या बोगद्यातून बाहेर आणि शेपूट अजून या पुलावर. नागफणी याच्यापुढं काही नाही साडू.”

त्यांनी वही काढली. पाऊस होता, म्हणून पावसात चालणारं पेन. ‘ठिकाण’ या रकान्यात लिहिलं: माळशेज, कठडा, तिसऱ्या धबधब्याजवळ. गाडी, इंजिन, वेळ हे रकाने मोकळे ठेवले.

पुढचा रस्ता मोकळा झाला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, भिजलेले लोक आपापल्या रुमालाच्या जागेवर जाऊन बसले. कंडक्टरनं दारातून डोकं बाहेर काढलं. आमचं बोलणं त्यानं बरंच ऐकलेलं असावं.

“चला हो साहेब. येताय, का आता रेल्वेनंच जाणार?”

साडूंनी धुक्याकडं एकदा बघितलं आणि घड्याळाकडं एकदा. मी त्यांना दंडाला धरून गाडीत चढवलं.